आपल्या बापा, आमच्या बापा

पाळकसाहेब,

तुमच्या मातीला एवढी माणसं येतील असं मला वाटलं नव्हतं. छावणीजवळच्या जुन्या कबरस्तानात जागा पुरेना, तेव्हा लोक पडक्या भिंतीवर चढून उभे राहिले. पुसेगावहून गाड्या भरून आल्या. टांगेवाले टांगे सोडून आले. बाजारातले अत्तरवाले म्हातारे टोप्या सावरत मागं उभे होते. मी पुढं उभा राहून प्रार्थना सांगत होतो, कारण सांगायला दुसरं कोणी नव्हतं. तोंडानं प्रार्थना चालू होती आणि मनात एकच विचार होता, मी मेलो तर यातले किती येतील?

मेलेल्या माणसाचा हेवा करणारा मी काही पहिला नसेन. पण त्याच्याच कबरीच्या काठावर उभं राहून, हातात माती घेऊन हेवा करणारे थोडेच असतील.

मंडळीच्या मासिकात तुमच्यावर कोणीतरी लिहिलंच पाहिजे, आणि तेही माझ्याकडेच आलं. तुमचा जन्म कुठला, दीक्षा केव्हा झाली, किती जणांना बाप्तिस्मा दिला, हे दुसरं कोणी लिहील. मला ते लिहिता येणार नाही. लिहायला बसलो की हिशेब मांडल्यासारखं होतं, एका बाजूला तुम्ही, दुसऱ्या बाजूला मी.

तुम्हाला ठेवून बाहेर पडताना कबरस्तानाच्या दारात कोंडिबानं मला धरलं. आपला कोंडिबा सुतार, मंडळीचा पंच, ज्यानं स्वतःच्या हातानं तुमची पेटी केली. म्हणाला, "मास्तर, आता आयतवारी तुमीच उभं राहायचं. पलीकडून मिशनचा सायेब येईल तवा येईल." नाक्यापलीकडं स्वराज्य आलं, अलीकडं आपण अजून निजामाच्या राज्यात. कनेरगावच्या नाक्यावर बंदुकवाले बसलेत आणि वाशीमकडून कोणी इकडं यायला धजत नाही. तेव्हा नवा पाळक कोण, हे मंडळीलाच ठरवावं लागणार. मी म्हटलं, "शनिवारपर्यंत थांब." तो बरं म्हणाला.

ज्या जागेसाठी मी इतकी वर्षं मनात झुरलो ती जागा कोणी माझ्या हातात ठेवत होतं, आणि मला हात पुढं करवेना. कोंडिबाला एक गोष्ट सांगितल्याशिवाय होकार देणं लबाडीचं झालं असतं. ती गोष्ट आधी तुम्हाला सांगतो. मला तुमचा हेवा वाटत होता. पहिल्या दिवसापासून.

पहिला दिवस तुम्हाला आठवत असेल. नगरकडच्या शाळेतून उपदेशकाची परीक्षा पहिल्या वर्गात पास होऊन मी हिंगोलीच्या स्टेशनावर उतरलो. अंगावर नवा लांब कोट होता आणि मनात पक्कं होतं की दोनेक वर्षांत या मंडळीचा पाळक मीच होणार. तुम्ही धोतर गुडघ्यापर्यंत वर घेऊन फलाटावर उभे होता. माझी ट्रंक तुम्ही डोक्यावर घेतलीत. मला वाटलं हमाल आहे. मी म्हटलं, "सांभाळून घे रे, आत पुस्तकं आहेत." तुम्ही म्हणालात, "व्हय जी." बैलगाडीत बसल्यावर मी विचारलं, "पाळकसाहेब कुठं आहेत?" तुम्ही ट्रंक खाली ठेवत म्हणालात, "त्यांचीच मान मोडून राहिली ना आता."

आणि किती हसलात! गाडीवानसुद्धा हसला. ती गोष्ट पुढं तुम्ही प्रत्येक लग्नात सांगितलीत. लोक दर वेळी नव्यानं हसायचे. मीही हसायचो. पण मनात म्हणायचो, या माणसाला माझी चूकही स्वतःच्या कौतुकाला वापरता येते.

तुम्ही काही देवदूत नव्हता. हे लिहायला मला बरं वाटतं, म्हणूनच लिहितो. तुम्हाला गाता येत नव्हतं, आणि तरी सगळ्यांत मोठ्यानं गायचात. माझ्या उपदेशात तुम्ही डुलक्या घ्यायचात आणि शेवटचं आमेन मात्र सगळ्यांच्या आधी म्हणायचात. प्रार्थनामंदिराच्या किल्ल्या इतक्या वेळा हरवल्यात की कोंडिबानं शेवटी कुलूपच काढून टाकलं. रागावलात की दिवसभर रागावलेले असायचात, आणि सायंकाळी त्याच माणसाच्या घरी भाकरी मागायला जायचात.

पण उपासना सुटली की लोक तुमच्याभोवती उभे राहायचे. माझ्या उपदेशानंतर म्हणायचे, "मास्तर, लई अभ्यास हाय तुमचा," आणि चपला शोधायला लागायचे. तुमच्या उपदेशानंतर कोणी काही म्हणायचं नाही, नुसते थांबायचे. पटकीच्या साथीत गावोगाव आपण दोघं हिंडलो. औषधाची पेटी माझ्या हातात होती, डोस मी मोजून देत होतो, उलट्या मीही धुतल्या. आज त्या गावांत विचारा. लोक सांगतात, "पटकीत पाळकबाबा आले व्हते." तुमच्या शेजारी पेटी धरून कोणी उभं होतं हे एकालाही आठवत नाही. हे मला रुचलं नाही, पाळकसाहेब. जे केलं ते देवासाठी केलं असं मी म्हणत आलो, आणि हिशेब मात्र माणसांकडून मागत आलो.

मग मी तुमच्यात चुका शोधायला लागलो. आणि मला एक सापडली.

तुम्ही प्रार्थना सुरू करताना म्हणायचात, "हे आपल्या बापा." आमची सगळी दुनिया "हे आमच्या बापा" म्हणते. नगरला म्हणतात, मुंबईला म्हणतात. हिंगोलीला मात्र "आपल्या". मी पहिल्या महिन्यातच तुम्हाला बाजूला घेतलं.

"पाळकसाहेब, ते व्याकरणानं चूक आहे. ज्याच्याशी बोलतो त्याला धरून बोलायचं तर आपला, त्याला सोडून बोलायचं तर आमचा. देवाला तुम्ही आपल्या बापा म्हणता, म्हणजे तो तुमचाही बाप आणि त्याचा स्वतःचाही. देवाला तुम्ही पोरांच्या रांगेत बसवता."

तुम्ही गवारीच्या शेंगा मोडत होता. म्हणालात, "मंग बसू द्या की. रांगेत बसला तर त्याची काय पत जाती?"

"थट्टा नाही करत मी."

"मी बी न्हाई करून राहिलो."

पुढची कितीतरी वर्षं आपण यावर भांडलो. गाडीत, पायवाटेवर, वसमतच्या हळदीच्या वासात बसून चहा पिताना. एकदा तुम्ही म्हणालात, "मास्तर, मी डोळे मिटले की मागं उभ्या असलेल्या म्हातारीला सांगत असतो. तिला कळलं पाहिजे, हा बाप तिचाबी हाय." मी लगेच पकडलं. "म्हणजे प्रार्थना देवाची की म्हातारीची?"  मग म्हणालात, "तिथंच अडतंय माझं बी." मला जिंकल्यासारखं वाटलं. घरी येऊन मी बायकोला, मार्थाला, सांगितलं. ती चुलीशी होती. मागं न बघता म्हणाली, "जिंकलात ना? मग असं तोंड काहून करून बसलात?"

आणखी एकदा, पुसेगावच्या शिवारातून येताना, तुम्ही मला एक विहीर दाखवलीत. तुम्हाला तहान लागली होती, मलाही. तुम्ही तिथं पाणी मागितलं नाहीत.

"मी ल्हान व्हतो तवा या हिरीवर उभा राहायचो मडकं घिऊन," तुम्ही म्हणालात. "कोणी वरून वतलं तर घ्यायचं. एकदा मी आपून काढाया गेलो. पाटलाचा गडी म्हणला, आमची हीर हाय. लई न्हाई बोलला, येवढंच. आमची. मास्तर, आमच्या गावात आमचं म्हणजे तुमचं न्हाई. आमचं देऊळ, आमची गल्ली, आमची हीर. त्या शब्दानं मी देवाला कशी हाक मारू?"

 माझे आजोबा ख्रिस्ती झालेले. मी मिशनच्या बोर्डिंगात वाढलो, तिथं नळ होता. त्या विहिरीवर मी कधी मडकं घेऊन उभा राहिलो नाही.

आणि पाळकसाहेब, आता खरं सांगतो. त्या शिवारात उभं राहून मला तुमची दया आली नाही. मला त्या विहिरीचाही हेवा वाटला. मला वाटलं, या माणसाकडं एका शब्दामागं एवढं मोठं दुःख आहे, आणि माझ्याकडं नुसतं व्याकरण. तुमचं दुःखही मला तुमच्याकडून हिसकावून घ्यावंसं वाटलं. उघडपणे मी एवढंच म्हटलं, "तरी शुद्ध ते शुद्धच." तुम्ही मान हलवलीत. "बराबर. तुमी तुमच्या परीनं म्हणा, मी माझ्या परीनं." आणि आपण तहानलेलेच पुढं चालत राहिलो.

तुमच्या त्या शब्दावर मी एकदा नाकाही ओलांडला. वाशीमकडं लग्न लावायला आपण दोघं निघालो होतो. करोडगिरीच्या, म्हणजे जकातीच्या, शिपायानं माझं गाठोडं उघडलं, माझे कपडे धुळीत पसरले, नवऱ्या मुलीसाठी नेलेलं लुगडं बाजूला काढलं. तुम्हाला त्यानं हातही लावला नाही. उलट विचारलं, "बाबा, ये कौन हैं?"

"आपले मास्तर," तुम्ही म्हणालात.

तो म्हणाला, "अपनेच हैं तो पहले बोलना था ना." आणि लुगडं परत गाठोड्यात कोंबलं. त्याची बायको आजारी होती, ते त्यानं तुम्हाला सांगितलं, तुम्ही बसून ऐकलंत. मी उन्हात उभा होतो. तुम्ही मला 'आपले' म्हटलंत म्हणून मी सुटलो, आणि वाशीम येईपर्यंत मी तुमच्याशी एक शब्द बोललो नाही. तुम्हाला वाटलं ऊन लागलं. वाटेत तुम्ही मला कांदा फोडून दिलात.

आता आईचं. हे लिहायचं नव्हतं.

आई आजारी पडली तेव्हा तुम्ही वसमतकडच्या खेड्यांत होता. मी तिच्या उशाशी पवित्र शास्त्र घेऊन बसायचो. वाचायचो, प्रार्थना करायचो. आई सगळं ऐकायची. एके दिवशी सकाळी म्हणाली, "पाळकबाबाला बोलीव."

"आई, मी आहे ना. मी प्रार्थना करतो."

"तू करतूस रे लेकरा. चांगली करतूस. पर तू देवासंगट बोलतूस. ते माझ्यासंगट बोलतेत."

पाळकसाहेब, तिचा मुलगा होतो मी. उपदेशक होतो. मी निरोप पाठवला, पण पाठवताना माझ्या मनात काय चाललं होतं ते देवाला ठाऊक आहे. निरोप उशिरा पोचावा असं मला वाटलं. असं वाटलं, एवढंच. तो वेळेवर पोचला आणि तुम्ही चिखलातून चालत आलात. दारात पाय धुतलेत, आत गेलात, आणि प्रार्थना केलीच नाही. तिच्या खाटेजवळ खाली बसून विचारलंत, "काय वो आत्याबाई, अंबाडीच्या भाजीत लसूण किती घालायचा ते सांगून जा, मार्थाबाईला जमत न्हाई." आई हसली. शेवटच्या दिवसांत ती हसली ती तेवढीच. मार्थाही पदराआड हसत रडत होती. मी दाराच्या चौकटीला धरून उभा होतो, परक्यासारखा.

आईच्या मातीला तुम्हीच प्रार्थना केलीत. आपल्या बापा, म्हणालात. मी मनातल्या मनात दुरुस्त केलं.

तुमचे आभार मानायचे ते मी कधी मानले नाहीत. तुम्ही चिखलातून आलात, तुमचा पाय सुजला होता, तुम्ही चार दिवस आमच्याकडं राहून मार्थाला धीर दिलात. मी तुम्हाला जेवण वाढलं आणि गप्प राहिलो. नंतर महिनोनमहिने मंडळीच्या कामापुरतं बोललो. तुम्हाला ते कळलं नसेल असं मी इतकी वर्षं मानत आलो.

तुमच्या शेवटच्या आजारात मी रोज यायचो. लोक म्हणायचे, मास्तरची माया आहे. माया होती. पण खोटं कशाला बोलू, मला बघायचंही होतं, एवढा मोठा माणूस मरणाला कसा सामोरा जातो. कुठंतरी डगमगावा असंही वाटत होतं. तुम्ही डगमगलात. एका दुपारी म्हणालात, "मास्तर, भ्या वाटून राहिलं." इतकं सरळ सांगितलंत. मी असतो तर लपवलं असतं. मग म्हणालात, "करा काही प्रार्थना." मी डोळे मिटून सुरुवात केली, "हे आमच्या स्वर्गीय बापा…"

तुम्ही एक डोळा उघडलात. "अजून आमच्याच का?"

"व्याकरण आहे ते, पाळकसाहेब."

तुम्हाला हसू आलं, हसता हसता खोकला आला, खोकल्यानं जीव घाबरा झाला. मी पाठ चोळली. मार्था बाहेरून धावत आली आणि माझ्यावरच ओरडली, "अहो, भेटायला येता का भांडायला?" तुम्ही हातानं तिला थांब म्हटलंत. दम घेतल्यावर म्हणालात, "राहू द्या बाई. ह्या मानसावानी मन लावून माझ्याशी कोणी भांडलं न्हाई."

तो वाद तिथंच राहिला. आजही मी म्हणेन, व्याकरणानं मी बरोबर आहे. तुम्ही असता तर पुन्हा तेच म्हणाला असता. एवढं मला कळलं आहे की मी तुमच्याशी भांडत होतो ते देवाच्या बाजूनं नव्हे. मला कुठंतरी तुमच्याहून वर बसायला जागा हवी होती, आणि ती एका सर्वनामात सापडली होती.

तुम्हालाही माझा थोडा हेवा वाटत असेल, असं मी फार शोधलं. माझ्या अक्षराचा, माझ्या उर्दूचा, माझ्या पहिल्या वर्गाचा. कुठं सापडलं नाही. तेवढं तरी मला द्यायला हवं होतं, पाळकसाहेब.

आज शनिवार. कोंडिबा आला. हातात रंधा होता, कामावरून तसाच आला होता. ओट्यावर टेकून म्हणाला, "मंग, मास्तर?"

मी त्याला सगळं सांगितलं. उभ्यानंच सांगितलं, बसवेना. हेवा, आईच्या वेळचं, मातीच्या दिवशी कबरीवर उभं राहून काय मनात होतं तेसुद्धा. म्हटलं, "कोंडिबा, अशा माणसाला तिथं उभं करू नका. मी बदलीला अर्ज करतो. रस्ते मोकळे झाले की मी जाईन."

कोंडिबानं रंध्यावरचा भुसा फुंकला.

"हे समद्या मंडळीला ठाऊक हाय की."

"काय ठाऊक आहे?"

"उपासना सुटली की तुमी दाराकडं बघायचे, मानसं कोनापाशी थांबतेत. बायका हसायच्या त्याच्यावर. पाळकसायेब म्हणायचे, हसू नका गं, मास्तरला तकलीफ हुती."

मी त्याच्या शेजारी ओट्यावर टेकलो. इतकी वर्षं मी जे झाकून ठेवलं होतं ते उघड्यावर पडलेलं होतं, आणि तुम्ही त्याच्यावरही पांघरूण घालत होता. आणि बघा, ते ऐकूनसुद्धा मला पहिल्यांदा काय वाटलं? इथंही पुन्हा तुम्हीच मोठे.

मी म्हटलं, "ठाऊक होतं तर मलाच का विचारता?"

"मंग कोनाला विचारू? रस्ते बंद हायेत." त्यानं रंधा ओट्यावर ठेवला. "आन् दुसरं असं, मास्तर. आमी समदे त्यांच्यावर माया करायचो. पर माया करनारं मानूस डोळे झाकून बघतंय. तुमी डोळे उघडे ठिऊन बघत व्हते. ते कुठं थांबायचे, कोनाच्या घरी आधी जायचे, मरनाऱ्या मानसाला काय बोलायचे, तुमच्याइतकं कोनाला ठाऊक हाय? सांगा की एखादं नाव."



हे कौतुक नव्हतं, पाळकसाहेब. सुतार जसा लाकूड बघून सांगतो की यात गाठ आहे पण काम भागेल, तसं तो बोलला. मी होय म्हटलं. तो उठला, म्हणाला, "लौकर या उद्या. मानसं लौकर येतील," आणि गेला.

मार्था आतून ऐकत होती. बाहेर येऊन माझ्या शेजारी बसली.  मग म्हणाली, "उद्या लांब उपदेश करू नका."

करणार नाही. उद्या मी उभा राहीन तेव्हा लोक माझ्याकडं बघतील आणि त्यांना तुम्ही दिसाल. म्हाताऱ्या रडायला लागतील. पुसेगावची माणसं कोपऱ्यात हुंदके देतील. मी ते थांबवणार नाही, त्यावरून पुढं वाचत सुटणार नाही. समोर उभं राहून, माझ्यासाठी नसलेलं ते रडणं मला शेवटपर्यंत ऐकून घ्यायचं आहे. मला वाटतं, या मंडळीत माझं पहिलं काम तेच आहे. आणि ते चालू असताना मला तुमचा हेवा वाटेल, हे मी तुम्हाला आत्ताच सांगून ठेवतो.